वांग्यावर मावा, ओसरीत दाजी

तामलवाडी,
वैशाख, भर दुपार

आदरणीय मालनआक्कास धाकट्या नागसेनचा सविनय जयभीम.

गुडघा वाकतोय का आणि भूमला तुमच्या गल्लीत टँकर वेळेवर येतो का, हे आधी कळवा. आमच्याकडं सगळे जिवंत आहेत (भाजीपाला सोडून). मी अजून हबकलेलाच आहे, कशानं ते सांगतो.

रिटायर झाल्यावर मी घरामागं वांगी, टोमॅटो, दोडका आणि क्षमाच्या हौसेखातर झेंडू लावला. ऊन असं की दुपारी दोडक्याचं पान पापडासारखं वाजतं. त्यात वांग्यांवर माव्याची कीड पडली. हिरवी जाळी बांधून, निंबोळीचा अर्क फवारून आम्ही नवराबायको कसंबसं निभावत होतो, तेवढ्यात दाजी पिशवी घेऊन दारात! म्हणाले, "चार दिस बागंला हातभार लावतो." आक्का, आपले तात्याराव दाजी! ज्यांनी उभ्या जन्मात स्वतःच्या हातानं पाण्याचा तांब्या भरून घेतला नाही (हे तुमचेच शब्द), ते हातभार लावणार म्हटल्यावर क्षमाच्या हातातली परातच पडली.

आल्या आल्या त्यांनी माव्यावर उपाय म्हणून तंबाखू उकळली. पुडा आख्खा. मावा मजेत राहिला, टोमॅटोनं मात्र माना टाकल्या. मग अळ्या वेचायला शेजारच्या धुरपताबाईंच्या कोंबड्या बोलावल्या. कोंबड्यांनी अळ्यांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. झेंडू मुळासकट उकरला आणि त्या खड्ड्यांत धूळ अंगावर उडवत निवांत बसल्या. "कोंबड्याच नालायक हायेत, नागसेन," दाजी म्हणाले. घरच्या जावयाला काय बोलणार?

पण खरा धक्का काल बसला. वांगी तहानेनं सुकत चाललेली आणि बागेसाठी भरून ठेवलेलं पिंप मात्र रोज रिकामं! पाणी जातंय कुठं म्हणून ऊन तापल्यावर मी दबकत मागं गेलो, तर न्हाणीच्या भिंतीआड दाजी उकिडवे बसलेले. समोर रंगाच्या जुन्या डब्यात एक रोप. भिंतीची सावली रोपापुरतीच होती, ती त्यांनी रोपाला दिलेली. डोक्यावरचा ओला पंचाही रोपाभोवती, स्वतःचं टक्कल उन्हात, आणि पानावरचा मावा बोटानं हळूहळू पुसणं चाललेलं. लहान पोराचं नाक पुसावं तसं!

मी विचारलं, "दाजी, हे काय?"

दचकले. म्हणाले, "मोगरा हाय. तुळजापूरच्या बाजारातनं आणला." मग आणखी एक पान पुसलं. "तुझ्या आक्काचा मोगरा वाळला म्हणून म्या उपटून चुलीत घातला. बुडाला हिरवा होता रं. ती भांडली न्हाय. तवापासून बोलतच न्हाय."

आक्का, मला वाटत होतं, माणूस आमच्याकडं पाहुणचार झोडायला आलाय. राग कुठं गेला, कळलं नाही. पिंपातलं उरलेलं पाणी मीच त्या डब्यात ओतलं. (वांग्यांकडं बघायचा धीर झाला नाही.) रोपानं कळ्या धरल्यात. फूल आल्याबिगर भूमचं तोंड बघणार नाही, असा दाजींचा पण आहे.

क्षमाचा जयभीम. गुडघ्याला जपा.

तुमचाच,
नागसेन

ता. क. दाजींना एकट्यानं तुमच्यासमोर यायचा धीर नाही. तेव्हा रविवारी तुम्हीच या आणि जाताना त्यांना घेऊन जा. दोडक्याचा वेल अजून जिवंत आहे. तो तरी वाचू द्या.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात पहिलं फूल उमललं. क्षमानं वास घेतला आणि माझ्याकडं बघतच राहिली. वासच नाही! आक्का, ती तगर आहे. उन्हातान्हात उघड्या टकलानं बसून दाजींना सर्दी झालीय, त्यामुळं ते आपल्याच नाकाला दोष देतायत आणि सारखं विचारतायत, "सुटलाय का रं वास?" मी "लई" म्हणालो. तुम्हीही आल्यावर तेवढा एकच शब्द बोला.