बुजवलेली वाट

रविवार, ६ सप्टेंबर

सामान आलं – दोन कुदळी, एक दाताळं, हातमोज्यांचे सहा जोड, पोतंभर गवताचं बी. बी फुकट, बाकीचं वर्गणीतून. दुकानदाराशी घासाघीस केली तेव्हा कुठे पन्नास सोडले.

शहराच्या कडेच्या हिरव्या पट्ट्यात आज आम्ही आठ जण होतो. घाणेरीची रानझुडपं उपटून झाली, आता माळावर मूळचं गवत परत आणायचं. मधोमध पडलेली जुनी पायवाट आज बुजवली. आमच्या बाई – शाळेतून निवृत्त झालेल्या, ह्या कामाच्या म्होरक्या – म्हणतात, "वाट बंद अशी पाटी लावली की लोक हटकून तिथूनच जातात. इथे वाट होती हेच कुणाला कळता कामा नये." म्हणून घट्ट झालेली माती खणली, बी पेरलं, वर पाला पसरला. वाटेच्या तोंडाशी वाळक्या फांद्या रोवायचं काम माझ्याकडे. पहिल्यापासून तिथे झुडूपच आहे असं वाटलं पाहिजे! नवी वाट झाडांच्या कडेने काढली आहे.

आमच्या आठांतला सुतार बघत उभा होता. "काकू, हे तर रफू झालं की हो! आता मी घरी जाऊ कुठून?" सगळे हसले. देवा, गर्व नको. पण काम सुबक झालं खरं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. "छान छान," म्हणाले. जेवताना पुन्हा विचारलं, "सकाळी कुठे होतीस गं?"

पोराचा फोन. "बाबा वाट चुकत नाहीत ना?" त्याने बजावूनच ठेवलंय – एकदा जरी चुकले तरी घर विकायचं, दोघांनी त्याच्याकडे राहायचं. ठणठणीत आहेत म्हटलं. खोटं नाही ते. रोज सकाळी एकटे तळ्यापर्यंत जातात, चहाच्या वेळेला दारात हजर. नावं विसरतात, पण पाय काही विसरत नाहीत.

सोमवार, ७ सप्टेंबर

चहा दोनदा गरम केला. हे आले नाहीत.

सुतार घेऊन आला त्यांना, उन्हं चढल्यावर. मी रोवलेल्या फांद्यांपुढे उभे होते म्हणे. एक फांदी मुठीत धरून. सुताराला विचारलं, "इथे माझी वाट होती. कुणी नेली?" त्याला वाटलं थट्टा करताहेत. "नेली असेल चोरांनी!" म्हणाला. मग त्याने तोंड पाहिलं त्यांचं.

"काकू, मला काय ठाऊक हो," असं दारात तीनदा म्हणाला.

मला तरी कुठे ठाऊक होतं! एवढा संसार झाला, हे तळ्यावर कुठून जातात ते कधी विचारलं नाही. सडकेनेच जात असतील असं धरून चालले. आणि माझ्याच हातांनी –

पोराला कळवलं नाही.

मंगळवार, ८ सप्टेंबर

बाईंकडे गेले. वाट परत उघडा म्हटलं. मला वाटलं, समजावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. "उघडू. रविवारी सगळे जमले की लगेच. गवत काय, पुन्हा पेरता येईल." पायरीपर्यंत सोडायला आल्या.

रविवार, १३ सप्टेंबर

कुदळ घेऊन सगळ्यांच्या आधी गेले. पाला सारून बघते तर कोंब! सुईएवढे, दाटीने उगवलेले. खाली वाकले ती तिथेच बसले.

गवतासाठी थांबले असं नाही. ह्यांच्यापुढे गवत काय आहे! पण मनात आलं, आज ही उघडीन. उद्या ह्यांना घराची गल्ली आठवणार नाही. ती कशी उघडायची? त्यापेक्षा पाय शिकताहेत तोवर नवी वाट शिकवावी. तिथे निदान चौकीदाराची खोली लागते, माणसांचा राबता असतो.

बाईंना म्हटलं, राहू दे. त्यांनी कुदळ माझ्या हातातून काढून घेतली. सुतार म्हणाला, "काकू, बुधवारी मी नेईन काकांना. तुम्हाला तेवढीच विश्रांती." नको म्हटलं. रोज एकच माणूस बरोबर हवा, नाहीतर घोटाळतील.

गुरुवार, १७ सप्टेंबर

आजही फांद्यांकडेच वळले. कोपराला धरून फिरवलं तर ओरडले – "मला वाट शिकवतेस?" लोक बघत होते. नाम घेत चालत राहिले.

शनिवार, २६ सप्टेंबर

फांद्यांपाशी थांबले. वळले मात्र नाहीत.

बुधवार, ७ ऑक्टोबर

आज हे पुढे, मी मागे! चौकीदाराच्या खोलीपाशी डावीकडे, मग थेट तळं. मी मुद्दाम मागे रेंगाळले, तरी चुकले नाहीत. चौकीदाराने हात केला, ह्यांनीही केला. देवापुढे बसले तर डोळ्यांचं पाणीच थांबेना. पोराचा फोन आला तेव्हा "ठणठणीत" हा शब्द ताठ मानेने उच्चारला.

रविवार, १८ ऑक्टोबर

तळ्यावरून येताना हे थांबले, मला हात जोडले. "बाई, तुम्ही रोज सोबत करता, फार उपकार झाले. आज घरी चला. आमची मंडळी चहा करील."

आले घरी. चहा केला. "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात," म्हणाले, आणि दाराकडे बघत बसले.

पोराला पत्र टाकलं. सगळं खरं लिहिलं. शेवटी लिहिलं – घराचं काय ते तू ठरव, पण आधी येऊन भेट, बाबा तुला ओळखताहेत तोवर. फोनवर ह्यातलं काही विचारू नकोस, ते शेजारीच बसलेले असतात. कधी निघतोस ते उलट टपाली कळव.