दाराआडचं इंदापूर

रविवार, १८ फेब्रुवारी १९९६, संध्याकाळ

आत्ताच अंथुर्ण्याहून इंदापूरच्या खोलीवर आले. नोकरीपायी चार वर्षांची चिमी माझ्या आईपाशी ठेवलीय. आज तिनं खेळ मांडला. ती आई, मी चिमी. माझी पर्स खांद्याला अडकवून म्हणाली, "जाती मी इंदापूरला. रडायचं न्हाय." गेली दाराआड. लगेच परत! पुन्हा पर्स, पुन्हा दाराआड, पुन्हा लगेच परत. तिच्या खेळात आठवडा जावाच लागत नाही. किती कळतं हिला? मला रडू आवरेना.

"येडी हायस का? खेळ हाय ह्यो," म्हणून तिनंच माझे डोळे पुसले.

मग खऱ्या एस.टी.ची वेळ झाली, तर पर्स सापडेना. चिमी दाराआड, पर्स पोटाशी घट्ट धरून उभी.

या खेपेला काही केल्या बाहेर येईना.