थेंब नाही

माघ शुद्ध सप्तमी, शके १७८५. अमरावती

नात झाली. तिचं खरं मोल — माझ्या लेकीच्या, शकुनच्या, तोंडचं पाणी. अक्षरशः! बाळंतिणीला पाच दिवस पाणी नाही, ही माझ्या बायकोच्या, मनकर्णाच्या, माहेरची रीत; शकुनच्या सासरीही हीच. चमचाभर तूप, घोटभर काढा. बस.

कापसाचा भाव रोज चढतो आहे. खामगावचे दलाल माझा शब्द मोडत नाहीत, तिथे ही रीत काय! या घरातूनच नाही, साऱ्या वऱ्हाडातून उठवीन.

अष्टमी

भिंतीला कान लावून बसलो. पोरगी पाणी मागते आहे. अंगात ताप. तांब्या भरून दाराशी गेलो — सोयर आहे, पुरुषानं आत पाऊल टाकायचं नाही. मनकर्णा आडवी उभी राहिली.

"माह्या मायनं मले थेंब नाही देल्ला. मी मेली का?"

बाजारात कुणालाही बोलण्यात गुंडाळतो मी. इथे भरला तांब्या घेऊन परत फिरलो.

नवमी

मागणं थांबलं. ते जास्त वाईट. सुईण म्हणते, ओठ फुटले. मनकर्णा पदरात तोंड घालून रडते, पण दार सोडत नाही. उद्या सासूबाई अकोल्याहून पाचवीसाठी येणार. रीत आणणारीच येते आहे — आता काय उरलं?

दशमी

सासूबाई गाडीतून उतरल्या त्या थेट आत. शकुनकडे पाहून लेकीला विचारलं, हिला पाणी कधी पाजलं? मनकर्णा म्हणाली, तूच तर सांगायचीस, थेंब नाही.

भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज चढला.

"अवं पोरी, तुह्या बाळंतपणात दाराशी माही सासू उभी राहे, म्हून मोठ्यानं म्हणो मी. अन् पदर ओला करून तुह्या तोंडात पिळो! तू तापात होती. तुले बोललेलं तेवढंच याद राह्यलं?"

मग आत घागरीचा आवाज. मनकर्णाचं हुंदके देत 'पी, माय, पी'. मी भिंतीला चिकटून उभा. मग एक घोट गिळल्याचा आवाज आला. मग दुसरा.

द्वादशी

ताप उतरला. शकुनची सासू एलिचपूरहून आली. उंबऱ्यातच विचारलं, रीत पाळली ना? मनकर्णानं ठसक्यात सांगितलं, पाच दिवस थेंब नाही. विहीणबाई खूश. धाकटी सूनही दिवसांत आहे, तिचंही आता अस्संच करू म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.