रक्तवाढीच्या गोळ्या

ता. नरखेड, ९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. हिमानीस, सासूचे अनेक आशीर्वाद.

इकडे संत्र्याचा बहार उतरून राहिला आहे, फळांची तोडणी चालू आहे, त्यामुळे तुझे बाबा दिवसभर बगीच्यातच. घरी आले की फोन घेऊन बसतात आणि बोलतात स्पीकरवर, म्हणून हे पत्र.

पोळ्याला नागपूरला आले तेव्हा तू गोळ्यांच्या दोन पट्ट्या टाकायला निघाली होतीस. रक्तवाढीच्या आहेत, डॉक्टरांनी बदलून दिल्या, असं म्हणालीस. मी त्या बॅगेत टाकल्या. औषध उकिरड्यावर टाकायला आपण काही जमीनदार नाही. रोज एक घेतली, एकही चुकवली नाही. आता संपल्या, आणखी असतील तर पाठव.

आता लाजेची गोष्ट. चार वर्षांपूर्वी गेलेली पाळी मला परत आली. दोनदा. गुडघ्यांचं निमित्त करून देवघरात गेले नाही. पाय सुजलेत, मळमळतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अस्तर जाड झालंय, पिशवी काढून टाकू. तारीख २५. औषध काय घेता विचारलं, तर म्हटलं, सुनेनं दिलेल्या रक्ताच्या गोळ्या, बाकी काही नाही. दुर्गेशला फक्त पोटाचं ऑपरेशन सांग. पोराला आईचं असलं काय सांगायचं? मला फार भीती वाटते वं.

माया असू दे.
कौशल्या


नागपूर, १३ नोव्हेंबर

ती. आईंना हिमानीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र तुमच्यासाठी पाठवलेल्या स्वेटरच्या घडीत ठेवते आहे, बाबांच्या हाती पडायला नको. आई, २५ला ऑपरेशन करू नका. त्या गोळ्या रक्तवाढीच्या नव्हत्या. मूल राहू नये म्हणून मी घेत होते त्या. पट्टीतल्या शेवटच्या सात तपकिरी लोहाच्या, तेवढंच खरं. तुमची पाळी त्यांनीच आली असणार.

माझी नोकरी कंत्राटी. ती पक्की होईपर्यंत मूल नको, असं आम्ही दोघांनी ठरवलं. आईला तूच सांग, असं दुर्गेश म्हणत राहिला आणि मी भीत राहिले. त्या गोळ्यांनी मला मळमळ आणि अर्धशिशी सुरू झाली, म्हणून डॉक्टरांनी ताबडतोब बदलल्या. नव्यांनी डोकं दुखायचं थांबलं, पण मधूनच डाग लागतो. तीन महिने वाट पाहा, असं डॉक्टर म्हणाल्या.

तुम्ही पट्ट्या बॅगेत टाकताना मी पाहिलं होतं. थांबवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. गावी जाऊन विसराल असं स्वतःला समजावलं आणि गप्प बसले. तुम्ही डॉक्टरीणबाईंना विश्वासानं माझं नाव सांगितलंत, ते वाचल्यापासून आरशात बघवत नाही. सोबत त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आहे, ते त्यांना दाखवा. सगळा दोष माझ्यावर घाला. माफी मागायचं तोंड नाही.

लोभ ठेवावा असं कोणत्या तोंडाने लिहू?
आपली,
हिमानी


ता. नरखेड, १९ नोव्हेंबर

चि. सौ. हिमानीस आशीर्वाद.

शनिवारी पाकीट घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. ऑपरेशन थांबवलं, दीड महिन्यानं पुन्हा सोनोग्राफी, मग काय ते बघू म्हणाल्या. मी न विचारता उचलल्या, असंच त्यांना सांगितलं. ते खोटंही नाही.

राग आला, खूप आला. एवढी शिकलेली पोरगी, आणि डोळ्यांदेखत जाऊ दिलंस! दोन दिवस तुझं नाव तोंडात आणलं नाही. शेजारची देवकी म्हणे, काहून अशी गुमसुम बसून राहिली वं. तिला काय सांगू?

मग पत्र पुन्हा वाचलं. राखीला आले तेव्हा तू डोक्याला ओढणी बांधून पडली होतीस. मी तुझ्या शेजारणीला म्हटलं होतं, सासू आली की आजकालच्या सुनांचं डोकं दुखतंच. आता माझीच मला लाज वाटते. नव्या गोळ्या वेळेवर घेत जा. डाग थांबला नाही तर दुर्गेशला घेऊन डॉक्टरकडे जा. घोळ दोघांचा, रांगेत तू एकटी कशाला?

आता माझीही चोरी सांगते. तुमच्या लग्नापासून मी नातवासाठी सोमवार धरले होते. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून कोणालाच बोलले नाही. पोट बरं नाही सांगून ताट सारायची. काल सोमवार होता. सकाळीच तुझ्या बाबांसोबत बसले आणि दोन भाकरी, झुणका पोटभर जेवले.

तुझीच,
आई