वस्तीची गाडी

१४ नोव्हेंबर, रामनगर

झाली एकदाची! जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर झालं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि बरोबर डोक्याला लागेल अशा बेताने बसवलेलं फडताळ. खिडकीला पडदा म्हणून माझी सत्काराची शाल. तेरा वर्षांपूर्वी शाळेसाठी सकाळची बस आणली, तेव्हा मिळालेली. "मास्तर, काय सुंदर कन्नडमध्ये अर्ज लिहिलाय!" म्हणाले होते डेपोचे साहेब. माझं कन्नड बसच्या पाटीपुरतं; अर्ज कुणाकडून तरी लिहून घेतलेला, कुणाकडून ते आता आठवतही नाही. पण मी गप्प राहिलो. सत्कार काय रोज होतात?

एकतीस वर्षं भूगोल शिकवला. मुलांना छडीने हिमालय दाखवला, स्वतः धारवाडच्या पुढे गेलो नाही. आता यादी केली आहे — थरचं वाळवंट, चिल्का, स्पिती, कन्याकुमारी. सुशीलाला वाचून दाखवली. भाकरी थापता थापता म्हणाली, "पयलं कुंभारवाड्याला न्या. मग बघू, यायचं का न्हाई ते."

कुंभारवाडा तिचं माहेर. सासूबाई गेल्यापासून तिकडे फिरकलो नाही. पण बायकोच आली नाही तर कन्याकुमारीला मी एकटा काय समुद्राशी बोलू? म्हणून कुंभारवाडा यादीत पहिला. 'चाचणी' म्हणून!

१५ नोव्हेंबर

बॅटरी उतरली. चाचणी उद्या.

१६ नोव्हेंबर, कुंभारवाडा

पोचलो! फडताळ तीनदा लागलं. वळणावळणांत टाकीतलं निम्मं पाणी पलंगावर. सुशीला भावाच्या घरी गेली. मी शाळेपुढे गाडी लावून गादी वाळत घालत होतो, एवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली — फुलाआजी. तिने मला ओळखण्याचं कारणच नव्हतं.

"डायवर, वस्तीची हाय काय?"

"व्हय, वस्तीचीच!" मी थाटात पलंग दाखवला.

"सकाळी कितीला?"

"सहाला." मला वाटलं, उठायची वेळ विचारते.

म्हातारी खूश होऊन गेली. खेड्यातल्या माणसांना कौतुक असतं बुवा!

१७ नोव्हेंबर

लुंगीवर, तोंडात ब्रश, सहाला दार उघडलं — बाहेर चौदा माणसं, पिशव्या आणि एक कोंबडा. रांगेत!

वस्तीची गाडी म्हणजे मुक्कामाला येऊन सकाळी सुटणारी बस. हे एवढं मला कळू नये! मला, बसवाल्या मास्तरला!

"अहो, ही बस नाही, घर आहे," मी म्हणालो.

फुलाआजी तोवर पलंगावर बसलीसुद्धा. "असंल की. जोयड्याला जातंय न्हवं तुमचं घर?"

तिला डोळे दाखवायला तालुक्याला, जोयड्याच्या दवाखान्यात जायचं होतं. दोनदा जीप चुकली होती. सुशीला आली, रांग बघून हसून हसून खाली बसली. मग दारात उभी राहून ओरडायला लागली, "आत सरका, आत सरका!" इतकी खुशीत तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वाटलं, जमली कन्याकुमारी!

वाटेत फुलाआजी म्हणाली, "आमची वस्तीची बंद होऊन लई वर्सं झाली. रामनगरच्या कुण्या मास्तरानं शाळंसाठी अर्ज केला, आन आमचीच गाडी तिकडं वळवली."

आरशात पाहिलं. सुशीला खिडकीबाहेर बघत होती. हसू गेलं होतं.

गाडी वळवली त्याच पावसाळ्यात सासूबाई आजारी पडल्या. निरोप आला, पण गाडी नाही. दुसऱ्या दिवशी जीप मिळून सुशीला पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. गाडी का बंद झाली, हे मी विचारलंही नाही. मी शाल पांघरून फोटो काढून घेत होतो! फार लाज वाटते आहे.

१८ नोव्हेंबर

सहाला सतरा माणसं. कोंबडा तोच.

शाल काढून गादीखाली कोंबली. सुशीला म्हणते, "आनी थोडं दीस ऱ्हाऊ हितंच. कन्याकुमारी कुठं पळून चालली न्हाई." रामनगरचा मास्तर कोण, ते तिला सांगायला हवं. धीर होत नाही.

१९ नोव्हेंबर

सांगून टाकलं — अर्ज माझा होता.

सुशीला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाला कन्नड कुठं येतंय? मीच लिवून दिल्ता न्हवं."