फळी बेचाळीस

सरावाचा हॉल,
दि. ९ ऑक्टोबर

चि. मनीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र टीमच्या बसच्या ड्रायव्हरनं मंगळवारी हातात दिलं. पाकिटावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. तो त्याचाच आहे, हे मी त्याच्या अंगठ्याशी ताडून तिथल्या तिथे सिद्ध केलं. फोन का करत नाही, म्हणून तू दरवेळी चिडवतेस. फोनवर माणूस ‘साधारण’ म्हणतो आणि सुटतो. कागदावर आकडा लिहावा लागतो.

आता मुद्द्याचं. तीन तरुण खेळाडूंचे दोन वर्षांचे करार संपत आले. तिसरं वर्ष द्यायचं की नाही, ते क्लबनं ३१ तारखेच्या आत लेखी कळवायचं आणि तिघांवरचं टिपण तू लिहायचं. सामन्यात या पोरांना पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात काय कळणार, म्हणून रोजच्या सरावातलं मला विचारतेस. योग्य माणसाला विचारलंस. कोच खेळाडूंकडे बघतो. मी ते निघून गेल्यावर जमिनीकडे बघतो.

दुपारी दोन ते चार हॉल माझ्या एकट्याचा. वरच्या अकरा खिडक्यांतून ऊन खाली उतरतं आणि फळ्यांवरून इतकं सावकाश सरकतं, की कधी वाटतं ऊन जागेवर आहे आणि हॉलच कुठेतरी वाहत चाललाय. त्या उजेडात बुटांचे डाग वर येतात. कोण कुठे थबकला, कोण कुठून उडाला, सगळं लिहिलेलं असतं. ते वाचायला मला कुणी शिकवलं नाही. कोर्टाची जमीन घालायलाही कुणी शिकवलं नव्हतं. अठ्ठावीस मीटर बाय पंधरा, फळी न् फळी माझ्या हातची, प्रत्येकीला नंबर, आणि वॉर्निशचे चार हात. लोक तीन देतात.

तिघांपैकी दोघांचं तुझं ठरलेलंच आहे. एकाला ठेवायचंच आहे आणि एक स्वतःच दुसऱ्या टीमकडे चाललाय. उरला तो लांबलचक पोरगा, ज्याला सगळे शिडी म्हणतात. गोड पोरगा. मला तोही मामाच म्हणतो. पण लिहायचं ते खरं लिहितो. उजव्या हातानं चेंडू टाकणारा बास्केटच्या उजव्या बाजूनं आला, की डाव्या पायावर उडतो. ती जागा फळी बेचाळीस. तिथे शिडीच्या डाव्या बुटाचा डाग या मोसमातल्या सरावाच्या एकवीस दिवसांत एकदाही नाही. आधीच थबकतो, दोन्ही पायांवर उडतो, नाहीतर वळसा घालतो. पोरगा डावा गुडघा लपवतोय. माझं वाचन आजवर चुकलेलं नाही.

ताईला सांग, पाठ शेकत जा. लोभ आहेच, तो पुढच्या मंगळवारपर्यंत पुरवून वापर.

तुझा,
मामा

•

क्लबचं ऑफिस, तिसरा मजला,
दि. १६ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

ग्रीसचा अंगठा आम्ही सगळ्या टेबलांना वाचून दाखवला. ड्रायव्हरकाका आता हातमोजे घालून पत्र देतात, तुला काही जाणवलं का?

शिडीला डॉक्टरांकडे पाठवलं. डाव्या गुडघ्याचे सगळे फोटो स्वच्छ आले. पण मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या संचालक बाईंचं म्हणणं वेगळंच. गुडघा धड असून जो पाय टाकत नाही त्याच्या मनात भीती आहे, आणि भीतीवर औषध नाही, असं त्या म्हणाल्या. तुझ्या एकवीस दिवसांचा फार परिणाम झाला त्यांच्यावर. तेव्हा माझ्या टिपणात खाली एक ओळ आहे, ‘तिसरं वर्ष देऊ नये’. बाई शुक्रवारी परदेशी निघतायत, म्हणून ३१ ची वाट न बघता गुरुवारी दुपारी तीनला सही करणार. शिडीला अजून काही माहीत नाही. परवा आला होता, खुर्चीत मावत नव्हता, गुडघे टेबलाला लागत होते. नव्या वर्षाचे बूट कुठल्या मापाचे मागवू, असं मलाच विचारत होता. त्याला दुसरीकडून बोलावणं नाही, मामा. इथून गेला की खेळ संपला, आणि वय फक्त एकवीस.

मला झोप नीट लागत नाही. स्वप्नात तो उडी मारतो आणि वरच राहतो. आम्ही सगळे खाली माना वर करून उभे, बाई घड्याळ बघतायत, आणि तो छताजवळ हळूहळू तरंगतोय, जणू खाली पाय ठेवायला जागाच नाही. आई म्हणते, रात्री जड जेवू नकोस.

एक गोष्ट मात्र टोचतेय. बाहेरच्या सामन्यांची चित्रणं मी सगळी पाहिली. त्याला मिळाली एकूण चौतीस मिनिटं. त्यात उजवीकडून तो तीनदा आत घुसला आणि तिन्ही वेळा डाव्या पायावरच उडाला, तेही छान, मोकळा. तीन म्हणजे तीन, मी तुझीच भाची आहे. मग तुझ्या हॉलमध्येच त्याला भीती का वाटते? तू चुकला असशील असं मी म्हणत नाहीये. म्हणायची माझी छाती नाही. फक्त एकदा परत वाचशील का?

चष्मा पुसून वाच. राग मानू नकोस, आणि मानलास तर लोभाच्या खालीच कुठेतरी ठेव.

तुझी,
मनी

•

सरावाचा हॉल,
दि. १८ ऑक्टोबर, बुधवार

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

बस काल गेली. पुढच्या मंगळवारपर्यंत थांबलो तर सही होऊन जाईल, म्हणून हे पत्र उद्या सकाळच्या गाडीनं मी स्वतः आणतोय. दारवानाकडे देईन आणि परत फिरेन. बोलायला थांबणार नाही. तोंडानं मी ‘साधारण’ म्हणेन, याची मला खात्री आहे.

तुझं पत्र वाचून पहिले दोन तास मी रागावलेलोच होतो. मग आज दुपारी, हॉल रिकामा असताना, पूर्वेच्या बास्केटखाली बसलो. तरुण पोरं नेहमी तिथेच सराव करतात, पश्चिमेचं बास्केट मोठ्या खेळाडूंचं. चेंडू घेतला आणि सहा फुटांवरून एकेका फळीवर सोडत गेलो. माझ्या जमिनीवर तो चार फूट वर येतो, दरवेळी. चाळीस नंबरवर आला. एक्केचाळीसवर थोडा कमी. बेचाळीसवर तीन फूट एक इंच. चेंडू थकून वर आल्यासारखा आला. परत सोडला. तीन फूट एक इंच.

मग मी आडवा झालो आणि कान फळीला लावला. ऊन त्या वेळी माझ्या पाठीवर होतं. बोटानं वाजवत गेलो. सगळी जमीन उत्तर देत होती, तेवढा तुकडा देत नव्हता. जसं घरात सगळे जागे आणि एक जण गाढ झोपलेला. किती वेळ तसा पडून राहिलो, मनी, माझ्यासारख्या माणसालाही सांगता येत नाही. डोळे मिटले की खाली पाणी आहे असं वाटे. आणि पाणी होतंच. चार वर्षांपूर्वी छतातून गळलं होतं, आठवतं? बेचाळीस आणि तिची शेजारीण मीच उचलली, पुसली, परत बसवली. सांधा असा बसला की आजही नखाला लागत नाही. त्या सांध्याची मी पाहुण्यांना फुशारकी सांगत आलो. खालच्या रबराच्या गाद्या मात्र मी बदलल्या नाहीत. वाळतील म्हटलं. त्या कुजल्या. फळी आता अधांतरी आहे. पाय केसभर खाली जातो.

तेवढ्यात शिडी विसरलेली पाण्याची बाटली न्यायला आला. मला जमिनीवर आडवा बघून घाबरला. मी काहीच विचारलं नव्हतं, तरी कान कुठे लावलाय हे बघून म्हणाला, की ती जागा पहिल्या दिवसापासूनच झोपलेली आहे, चेंडूच्या आवाजावरून कळतं. बाकीचे तिच्यावरून धावतात आणि चेंडू निसटला की स्वतःला दोष देतात. मग तू का बोलला नाहीस, असं मी जरा जोरातच विचारलं. त्यानं बाटलीचं झाकण घट्ट केलं. म्हणाला, की मामा, तुम्ही रोज संध्याकाळी या जमिनीवरून ज्या तऱ्हेनं हात फिरवता, ते बघितल्यावर तुम्हाला कसं सांगायचं.

त्याला ठाऊक नाही, की मी त्याच्याबद्दल काय लिहून पाठवलं. मी सांगितलं नाही. तेवढा धीर झाला नाही.

तेव्हा टिपणात असं लिही. डावा पाय धड. मन धड. कान उत्तम. दोष जमिनीचा, आणि जमीन कुणाची ते माझं पद घालून लिही. वार्षिक तपासणीत चार वर्षं मी ‘निर्दोष’ अशी सही केली, तेही लिही. त्यानं माझं जे व्हायचं ते होवो. तीन वाजायच्या आत, मनी.

लोभ राहिला तर बघ.

मामा

•

क्लबचं ऑफिस,
दि. २० ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

दारवानानं निरोप दिला, की वॉर्निशचा वास येणारे एक गृहस्थ पाकीट देऊन पाठ फिरवून गेले, आणि जाताना पायरीची एक फरशी हलते असं सांगून गेले. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तू रस्त्याच्या वळणावर होतास. इतका सावकाश चालत होतास, की हाक मारावीशी वाटली नाही.

मी टिपण नव्यानं लिहायला बसले आणि जमेना. मग तुझं पत्रच फाइलमध्ये लावलं, पाठ शेकण्याचं नव्हतं त्यात, बरं झालं. बाईंनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मला विचारलं, जमिनीचा हा दोष कुणाला माहीत होता? मी म्हटलं, एका खेळाडूला. त्या म्हणाल्या, की जो पायाखालची जागा एवढी ऐकतो आणि माणसाचा मानही राखतो, त्याला आपण काढायला निघालो होतो. तीन वाजून पाच मिनिटांनी सही झाली. तिसरं वर्ष मिळालं. बूट मी आजच मागवले. माप ऐकशील तर हसशील.

तुझंही ऐक. बाईंनी ताकीद लिहिली आहे, ती तुझ्या नावावर लागणार. पुढची तीन वर्षं तपासणीला बाहेरचा माणूस येईल. तुला ते लागेल, मला माहीत आहे. पण फळ्या उचलायचं काम दुसऱ्या कुणाला द्यायला त्या तयार झाल्या नाहीत.

काल मी झोपले, मामा. स्वप्नात तो खाली उतरला.

आईनं तुला सांगायला सांगितलंय, की परत दारातून मागे फिरलास तर भाऊ म्हणून ओळख देणार नाही. मी देईन.

तुझी,
मनी

•

सरावाचा हॉल,
दि. २ नोव्हेंबर

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी माझ्याकडून एक नमस्कारही.

ताकीद मिळाली. दोन ओळींत एक स्वल्पविराम चुकलाय, पण बाकी बरोबर आहे. बाहेरचा तपासनीस येऊ दे. त्याला मी टेप माझीच देईन.

चार फळ्या उचलल्या. खालून चार वर्षांचा दमट वास वर आला. गाद्या नव्या घातल्या, तेरा. अकरानं भागलं असतं. शिडीला मी सगळं सांगितलं, माझं पहिलं पत्र धरून. तो ऐकत होता आणि बोटानं फळीवर टकटक करत होता. सगळं ऐकून एवढंच म्हणाला, की एकवीस नाही मामा, तेवीस दिवस. मी वही काढून बघितली. तेवीसच होते.

वॉर्निश वाळायला चार दिवस लागले. आज दुपारी ऊन बेचाळीसवर आलं तेव्हा तो नवे बूट घालून आला. आधी चेंडू टाकला. चार फूट. मग मागे गेला, उजवीकडून धावत आला, आणि तिथे डावा पाय टाकून वर गेला. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. तो इतका वेळ वर होता, की मला तुझं स्वप्न आठवलं. मग उतरला, हसला आणि निघून गेला.

बेचाळीसवर त्याच्या डाव्या बुटाचा डाग पडलाय. टाच ते बोटं पूर्ण, तेरा इंच. संध्याकाळी मी सगळं कोर्ट पुसलं. तेवढी एक जागा सोडून.

लोभ असावा. माझ्यावर थोडा, जमिनीवर जास्त.

तुझा,
मामा