टेप ड्राइव्ह माझ्याकडे आहे

३ मार्च, सोमवार
निश्चय. या महिन्यात स्वतंत्र व्हायचं. ऑफिसात आणि घरी, दोन्हीकडे. आधी ऑफिस, घराचं त्यामागून आपोआप येईल. बायकोला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून आधी ऑफिसच आहे. तिला क्रम कळत नाही.

ती लेकीला घेऊन तिच्या आईकडे राहते. तात्पुरती. दादा-वहिनींच्या घरातल्या आमच्या मागच्या खोलीत तिला गुदमरायचं म्हणे. मला कधी गुदमरलं नाही. खिडकी वहिनींच्या कपाटामागे गेलीय, पण आहे.

५ मार्च
नव्या अकाउंटंटला माझा सर्व्हर समजावला. ऑफिसची सिस्टिम बघणाऱ्या बाईंचं मोठं मशीन, त्याच्या आत खोचलेल्या कार्डावर बसलेला माझा सर्व्हर. प्रोसेसर स्वतःचा, मेमरी स्वतःची. डिस्क तेवढी मोठ्या मशीनमधून बाईंनी कापून दिलेला तुकडा. बॅकअप टेपवर उतरवणारा टेप ड्राइव्ह दोघांत एकच. बाईंनी सोडला की मला मिळतो, मी सोडला की त्यांना. बाकी संपूर्ण स्वतंत्र.

तो म्हणाला, म्हणजे पोटभाडेकरू. पोराचा तांत्रिक पाया कच्चा आहे.

७ मार्च
वहिनींनी फ्रिजचा खालचा कप्पा मला दिलाय. पूर्ण माझा. आज त्यात त्यांची कोबी होती. हलवली नाही. उगाच घरात राहून घरच्यांशी वैर कशाला.

व्यायाम उद्यापासून.

१० मार्च, रात्री
बायकोचा फोन. दोन खोल्यांचं घर मिळतंय. मालक शनिवारी चारला दाखवणार, पसंत पडलं तर तिथेच सह्या. म्हणाली, या वेळी मी थांबणार नाही. हे ती मागेही म्हणाली होती आणि थांबली होती. पावणेचारला हजर राहतो म्हणालो. लेकीनं फोन घेतला आणि विचारलं, बाबा, खरंच ना? खरंच म्हणालो. काहीतरी वाटायला हवं होतं. झोप आली.

१३ मार्च
साहेबांकडे स्वतंत्र सर्व्हरची मागणी टाकली. वेगळा डबा, वेगळी डिस्क, वेगळं टेबल. साहेब म्हणाले, आधी तुमचा सर्व्हर आपल्या पायावर उभा राहतो हे दाखवा. सोपं आहे. स्वतःचा बॅकअप स्वतः घ्यायचा.

बाईंकडे ड्राइव्ह मागितला. उद्या घ्या म्हणाल्या, पण जाताना सोडून जा, शनिवारी सकाळी माझा आठवड्याचा बॅकअप असतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१४ मार्च, शुक्रवार
बॅकअप झाला. कुणाच्या मदतीशिवाय. टेप बाईंची होती, पण ते किरकोळ.

ड्राइव्ह सोडला नाही. विसरलो नाही. माझ्या स्क्रीनवर त्याचं नाव दिसत होतं, बरं दिसत होतं. एक रात्र राहू दे म्हटलं.

१५ मार्च, शनिवार, दुपारी ३.१०, ऑफिस
सकाळीच बाईंचा फोन. बॅकअप अडकलाय, ड्राइव्ह सोडा. आलो. सोडायला गेलो तर माझा सर्व्हरच अडून बसला. बाई म्हणाल्या, मग मी बंद करते तुमचा सर्व्हर. मी हसलो. म्हटलं, त्याचा प्रोसेसर स्वतःचा आहे, असा कुणी बंद करू शकत नाही.

त्यांनी जागेवरून मोठ्या मशीनवर एक ओळ टाइप केली. एका हातानं. दुसऱ्या हातात चहा होता.

माझी स्क्रीन काळी. ड्राइव्ह त्यांच्याकडे गेला. मी म्हटलं, चालू करा परत. म्हणाल्या, माझा बॅकअप संपल्यावर करते, तुम्ही जा घरी. असा कसा जाऊ? सर्व्हर उठेपर्यंत जागचा हलणार नाही, असं सर्वांसमक्ष सांगितलं. सर्वांसमक्ष म्हणजे बाई आणि शिपाई.

चारचं लक्षात आहे. पण आता उठलो तर यांना वाटेल हरला. घर काही पळून जात नाही.

१५ मार्च, संध्याकाळी ६
सर्व्हर उठला. बाईंनी उठवला. फोनवर बायकोचे चार मिस्ड कॉल. लावला, तिनं उचलला नाही. रागात असेल. राग म्हणजे आपुलकीच.

१७ मार्च
साहेबांचा निर्णय. वेगळा डबा नाही. दोन्ही बाईच बघतील, मी त्यांना मदत करायची. टेबल त्यांच्या टेबलाला लावून. एक ड्रॉवर त्यांनी रिकामा करून दिला. सल्लागारासारखीच भूमिका म्हणायची.

२० मार्च
बायकोचा फोन आला. शनिवारी तिनं घर घेतलं. सही तिची एकटीची. मालक पाच वाजेपर्यंत थांबला होता. लेक फाटकाशी उभी होती म्हणे, वळणावरून येणारा प्रत्येक माणूस बघत. सामान लागलंय. लेकीचं टेबल खिडकीपाशी.

मी म्हटलं, मग मी कधी येऊ? ती म्हणाली, या की. पण येताना आधी फोन करून या.

नीटच बोलली. आवाज चढवला नाही. मी बरं म्हणालो. किल्लीचं विचारायचं राहिलं.

दादानं विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, घराचं काम मार्गी लागलं. वहिनींनी कोबी वाढली.

२३ मार्च, रविवार
सकाळी लवकर उठलो. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, दादाचा, पण मला बसतो. लेकीसाठी रंगपेटी घेऊन ठेवली आहे.

फोन लावला. रिचार्ज संपलंय. ते दादा करतो. दादा बाहेर गेलाय.

शर्ट घालून बसलो आहे.